खांब मोजायला कलकत्त्याला

नंदुरबारच्या वाचनालयाची इमारत बांधायची ठरली तेव्हा मी तिथे लोकल बोर्डाचा ओव्हरसियर होतो. वय तिशीच्या आतलं. शाळांच्या खोल्या, विहिरींचे कठडे, ओढ्यांवरच्या फरश्या, धर्मशाळांची गळकी छपरं ही माझी कामं. शिकायला पुण्याला होतो, पण गाव शहाद्याकडे तापीकाठी, घरची शेती आणि घरातलं बोलणं अहिराणी. कचेरीत मराठी बोलताना मी वाक्य आधी मनात जुळवून घ्यायचो. त्यामुळे हा माणूस कमी बोलणारा आहे असा लोकांचा समज झाला, आणि तो मी कधी खोडून काढला नाही.

वाचनालय तेव्हा पेठेत होतं, एका मिरचीच्या गोदामावर, दोन खोल्यांत. खाली पोती हलली की वर वाचणारे शिंकायला लागत. हंगामात तर माणसं नाकाला उपरणं लावून वर्तमानपत्र वाचायची. पावसाळ्यात कपाटांच्या मागच्या भिंतीला ओल यायची आणि पुस्तकं काढली की त्यांच्या पाठीवर पांढरी बुरशी दिसायची. तरी लोक येत. शाळामास्तर येत, तारमास्तर येत, शेतीच्या कामाला गावात आलेले पाटीलसुद्धा गाडी सुटेपर्यंत वेळ काढायला येत.

वाचनालयाचे अध्यक्ष एक वकील होते. साठी ओलांडलेली, अंगाने बारीक, काळा कोट आणि धुऊन धुऊन फिकं झालेलं पागोटं. आवाज मोठा नव्हता, पण कोर्टात ते बोलायला उभे राहिले की समोरचा वकील हातातले कागद खाली ठेवायचा. पत्नी वारलेली, एक मुलगी होती ती सुरतेला दिलेली. कोर्ट सुटलं की ते घरी न जाता वाचनालयात येत आणि दिवे लागेपर्यंत बसत. एका व्यापाऱ्याने स्टेशनच्या वाटेवरची जागा वाचनालयाला दिली, तेव्हा त्यांनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं.

मी गेलो तर त्यांनी कायद्याच्या एका जाड पुस्तकातून एक चित्राचं पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. चित्रात उंच जोत्यावर उभी असलेली एक भली मोठी इमारत होती आणि तिच्या चारी बाजूंनी खांबच खांब. देवळाला कळस असतो तसा कळस नाही, मशिदीसारखा घुमट नाही, नुसते खांब आणि त्यांच्यावर सपाट छप्पर.

"हे कलकत्त्याचं सरकारी ग्रंथालय," ते म्हणाले. "आपल्या इमारतीला असे खांब हवेत. एवढे नकोत, पण असे."

मग त्यांनी मला हकिगत सांगितली. तरुणपणी एका परिषदेसाठी ते कलकत्त्याला गेले होते. ग्रंथालय तेव्हा लोकांसाठी उघडून थोडीच वर्षं झाली होती. परिषदेतल्या भाषणांना कंटाळून ते एक दिवस तिथे जाऊन बसले. नदीच्या बाजूला खिडकीपाशी टेबल मिळालं. काय मागावं हे सुचेना, म्हणून त्यांनी खानदेशावर काही आहे का असं विचारलं. एका गोऱ्या अधिकाऱ्याने लिहिलेलं जाड पुस्तक आलं, आणि त्यात दीड पान नंदुरबारवर होतं. हजार मैलांवर आपल्या गावाचं नाव छापलेलं पाहून त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की त्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत. परत आल्यावर चार वर्षांत त्यांनी मिरचीच्या गोदामावर वाचनालय सुरू केलं.

मी म्हटलं, पोस्टकार्डावरून खांबांचं प्रमाण निघणार नाही. जाडी किती, उंची किती, दोन खांबांत अंतर किती, हे कळल्याशिवाय काढलेला नकाशा ओबडधोबड दिसेल.

"मग मोजून या," ते म्हणाले. दोंडाईच्याला जाऊन या म्हणावं इतक्या सहज म्हणाले.

योग असा की माझा मेहुणा भुसावळहून बदली होऊन खरगपूरच्या रेल्वे वर्कशॉपात गेला होता. त्याला मुलगी झाली होती आणि आत्याने येऊन बाळाला पाहावं असा त्याचा वर्षभर आग्रह चालला होता. खरगपूरहून कलकत्ता जवळच. माझी रजा शिल्लक होती. बायकोला मी सांगितलं की आपण जाऊ, आणि कशासाठी तेही सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पुस्तकस्ले खांब कसाले लागतस?"

मी म्हटलं, वकीलसाहेबांना हवेत.

"मंग बरं शे," ती म्हणाली आणि पुढची भाकरी घेतली.

आम्ही तापीच्या काठाकाठाने जाणाऱ्या आमच्या गाडीने भुसावळला गेलो आणि तिथून नागपूरमार्गे पुढे. प्रवास लांबचा होता. विदर्भ संपेपर्यंत कापसाची शेतं दिसत होती, तोवर आपल्याच मुलखात असल्यासारखं वाटत होतं. पुढे साल वृक्षांची जंगलं आणि भाताची खाचरं आली, तेव्हा बायको खिडकीशी बसून राहिली. खरगपूरला दोन दिवस राहून मी एकटा सकाळच्या गाडीने निघालो. बरोबर मोजपट्टी, सुतळीचं बंडल, एक वही आणि वकीलसाहेबांचं पोस्टकार्ड.

हावड्याला उतरून नदीवरच्या तरंगत्या पुलावरून मी पायी पलीकडे गेलो. पुलावर इतकी माणसं आणि बैलगाड्या होत्या की पाण्याकडे पाहायला थांबता येत नव्हतं. पलीकडे नदीकाठच्या रस्त्याने चालत गेलो आणि ती इमारत दिसली. पोस्टकार्डात तिची उंची कळत नाही. जोतंच दीड पुरुष उंच, आणि त्याच्यावर ते खांब. मी तीस मोजले. माथ्यावर पानांची नक्षी होती. मी आयुष्यात देवळांचे खांब पाहिले होते, पण ते माणसाच्या अंगाजवळचे असतात, त्यांना टेकून बसता येतं. या खांबांना टेकून बसायची छाती झाली नसती.

दाराशी एक शिपाई स्टुलावर बसला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत मी म्हटलं, ग्रंथालय पाहायचं आहे. तो म्हणाला, ग्रंथालय इथे नाही. मी त्याला पोस्टकार्ड दाखवलं. त्याने ते नीट पाहिलं, इमारत हीच म्हणाला, पण पुस्तकं केव्हाच गेली. दहाबारा वर्षं झाली असतील. आता आत कचेरी आहे आणि कामाशिवाय कोणाला सोडत नाहीत.

मी पायरीवर बसलो. पहिल्यांदा मनात आलं ते हे की वकीलसाहेबांना हे ठाऊक नाही. नंदुरबारला बसून त्यांना कोण सांगणार? ते रोज संध्याकाळी त्या खिडकीपाशी मनाने जाऊन बसत असतील, आणि तिथे टेबल राहिलेलं नाही.

आलोच आहे तर काम करून घ्यावं म्हणून मी शिपायाला विचारलं, बाहेरून मोजलं तर चालेल का. त्याला गंमत वाटली. त्याने सुतळीचं दुसरं टोक धरलं. खांबाचा घेर आम्ही सुतळीने घेतला, दोन खांबांतलं अंतर पट्टीने, आणि उंची मी शिपायाच्या काठीच्या सावलीवरून काढली. मग सवयीने मी बोटाच्या पेराने खांब वाजवून पाहिला. एका ठिकाणी पोपडा निघाला होता तिथे वाकून पाहिलं. आत वीट होती. वरून चुन्याचा गिलावा इतका बारीक घोटलेला, की दहा पावलांवरून दगडच वाटावा. आमच्याकडे काळा दगड मुबलक, त्यामुळे दगडाचं सोंग घेतलेली वीट मी पहिल्यांदाच पाहिली. कारागिरी उत्तम होती, त्याबद्दल शंका नाही. पण ती करणारे हात नंदुरबारात कुठून आणणार, हा विचार मनात आलाच.

शिपायाने ग्रंथालयाचा नवा पत्ता सांगितला होता. मैदानाच्या कडेला, लाटसाहेबाच्या बंगल्याजवळ, एका सरकारी इमारतीत ते होतं. तिथे खांबांचा तोरा नव्हता. फॉर्म भरला, सही केली, आणि मला आत बसू दिलं. शंभरेक माणसं वाचत असतील, पण पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मी खानदेशावरचं तेच पुस्तक मागितलं.

ते यायला बराच वेळ लागला आणि घेऊन आला तो एक म्हातारा. त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि जाण्याऐवजी उभा राहिला. हे पुस्तक कोणी मागत नाही, म्हणाला. हे मी दोनदा बांधलंय. तो तिथला दफ्तरी होता, म्हणजे पुस्तकांची बांधणी करणारा. मूळचा बिहारचा. मी मराठी मुलखातून आलो आणि इमारत बांधायची आहे म्हणून आलो हे कळल्यावर त्याने मला दुपारच्या सुट्टीत मागच्या जिन्याखाली त्याच्या जागी बोलावलं. तिथे चिकीचा, म्हणजे चिकटवायच्या खळीचा वास होता, कातड्याचे तुकडे होते आणि एक कंदील दिवसाही जळत होता.

ग्रंथालयाची कथा मला त्याच्याकडून कळली. काही त्याने पाहिलेली, काही त्याच्या वडिलांकडून ऐकलेली, कारण वडीलही तिथेच दफ्तरी होते. शंभर वर्षांमागे शहरातल्या गोऱ्या आणि काळ्या लोकांनी वर्गणी करून पुस्तकं जमवली, तेव्हा जागा नव्हती म्हणून ती एका डॉक्टराच्या घराच्या तळमजल्यावर ठेवली. मग काही वर्षं एका कॉलेजात. खांबांची इमारत त्यानंतरची, एका लाटसाहेबाच्या आठवणीसाठी लोकांनी बांधलेली. मध्ये काही काळ वाचणारे कमी झाले, तिथे धूळ साचली. मग दुसऱ्या एका लाटसाहेबाने ती पुस्तकं सरकारी पुस्तकांबरोबर एकत्र करून सर्वांसाठी उघडली. वकीलसाहेब तिथे जाऊन बसले ते तेव्हा. नंतर पुस्तकं इतकी वाढली की तिथे मावेनात, म्हणून इथे.

हलवण्याचे ते दिवस त्याला चांगले आठवत होते. गाड्यांवर ताडपत्री बांधून पुस्तकं नेली. तो प्रत्येक गाडीबरोबर चालत होता. वाचणारे खांबांच्या पायऱ्यांवर येऊन बसत आणि आमचं अमुक पुस्तक कुठल्या गाडीत गेलं असं विचारत. काही जण तर गाडीबरोबर त्याच्या शेजारून चालत आले.

मी त्याला विचारलं, तुम्हाला इमारत बांधायला सांगितली तर कशी बांधाल. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. तो बराच वेळ हातातला कातड्याचा तुकडा चोळत राहिला.

मग म्हणाला, कपाट भिंतीला चिकटवायचं नाही, मागून माणूस जाईल एवढी जागा ठेवायची. जोतं उंच हवं, नाहीतर वाळवी. ऊन टेबलावर यावं, कपाटावर येऊ नये. आणि वारा पाहिजे, पण नदीचा नको, नदीचा वारा ओला असतो. नंतर खालच्या आवाजात म्हणाला, "आणि बाबू, दफ्तऱ्याला एक खिडकी द्या."

त्याचे डोळे तेव्हाच अधू झाले होते. सुईत दोरा मी ओवून दिला.

दुपारनंतर मी ते पुस्तक उघडून नंदुरबारचं दीड पान वहीत उतरवून घेतलं. पुढची पानं चाळली. सातपुड्यातल्या लोकांवर तीन पानं होती. चोर, आळशी, दारुडे, असं ओळीओळीला. ती मी उतरवली नाहीत.

परत आल्यावर आठ दिवस मी वकीलसाहेबांकडे गेलो नाही. कामाचं निमित्त सांगत राहिलो. त्या आठ दिवसांत दोन नकाशे काढले. एक खांबांचा, सगळी मापं बसवून. दुसरा मला पटलेला. कमरेच्या वर येईल एवढं काळ्या दगडाचं जोतं, चारी बाजूंनी रुंद ओसरी, ओसरीला सागाचे साधे खांब, उत्तरेला मोठ्या खिडक्या, कपाटं खोलीच्या मधोमध. आणि मागच्या बाजूला बांधणीची एक लहान खोली, तिला पूर्वेकडे खिडकी. दोन्ही नकाशे खाटेवर पसरून मी बसलो होतो तेव्हा बायकोने विचारलं की अडलं कुठे. मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमी सांगी टाका. धल्ला मानूस शे, पन समजदार शे." धल्ला म्हणजे म्हातारा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो. वाचनालयात ते एकटेच होते. मोजमापं आणली का, असं त्यांनी विचारलं. आणली, मी म्हटलं, आणि मग मनात जुळवलेली सगळी वाक्यं बाजूला राहून सरळ बोलून गेलो.

"वकीलसाहेब, पुस्तकं आता तिथे नाहीत."

सगळं सांगितलं. शिपाई, कचेरी, दुसरी इमारत, आतली वीट. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "नदीकडची खिडकी?"

मी म्हटलं, आत सोडलं नाही. बाहेरून बंद दिसली.

मी वहीतलं पान फाडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दीड पान सावकाश वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं. "ही चूक अजून आहे," ते म्हणाले. "मोठी विहीर पूर्वेच्या वेशीबाहेर. हा पश्चिमेच्या म्हणतो. तेव्हा माझ्या खिशात पेन्सिल होती. पण ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहायचं कसं?"

पान घडी करून त्यांनी कोटाच्या खिशात ठेवलं, काठी घेतली आणि घरी गेले. नकाशे पाहिलेच नाहीत. त्यानंतर तीन आठवडे ते वाचनालयात आले नाहीत. कोर्टात जात, तिथून थेट घरी. कमिटीतले लोक मला विचारू लागले की तुम्ही काय बोललात. मला वाईट वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाच्या मनात एक जागा तीस वर्षं जशीच्या तशी राहिली होती, ती मी जाऊन रिकामी करून आलो होतो.

चौथ्या आठवड्यात ते माझ्या कचेरीत आले. कारकून उठून उभे राहिले, कारण वकीलसाहेब कधी कोणाच्या कचेरीत जात नसत. ते माझ्या टेबलासमोर बसले आणि नकाशे मागितले. मी दोन्ही पुढे केले. पहिला त्यांनी बराच वेळ पाहिला, दुसराही पाहिला.

"ओव्हरसियर, तुमच्या मनात कोणता आहे?"

मी म्हटलं, दुसरा.

"का, ते सांगा."

मी सांगितलं. दफ्तऱ्याने सांगितलेलं सांगितलं, आमचा दगड आणि आमचे गवंडी यांबद्दल सांगितलं, मिरचीच्या गोदामावरची ओल सांगितली. त्या कचेरीत मी एवढा वेळ एका दमात कधी बोललो नव्हतो, आणि अर्ध्यातून पुढे मी अहिराणीत शिरलो होतो हे मला नंतर कारकुनाने सांगितलं.

वकीलसाहेबांनी पहिल्या नकाशाची गुंडाळी केली. हा माझ्याकडे राहू द्या, म्हणाले. दुसऱ्यावर त्यांनी तिथेच सही केली.

पावसाळा सरल्यावर काम सुरू झालं. जोत्याचा दगड जवळच्या खाणीतला. गवंडी शहाद्याचा, साठीचा, हातात ओळंबा धरला की कोणाशी न बोलणारा. साग नवापूरकडून रेल्वेने आला. तो कापायला सातपुड्यातून करवत्ये आले होते, मोलगीच्या पलीकडचे, कामाच्या दिवसांत खाली उतरणारे. ओंडका लाकडी घोडीवर चढवून एक जण वर आणि एक खाली, असे ते मोठ्या करवतीने फळ्या काढत. त्यांच्यातला वर उभा राहणारा माणूस पन्नाशीचा होता. त्याची रेघ इतकी सरळ यायची की मी दोरी मारणं सोडून दिलं.

मला भिली थोडी समजत होती, बोलता कमी यायची. एका दुपारी तो लाकडाच्या भुशात पाय पसरून बसला होता. त्याने विचारलं, हे घर कोणाचं. मी म्हटलं, पुस्तकांचं, कोणीही यावं आणि वाचावं. पुस्तकात काय असतं? मी म्हटलं, गावांची माहिती असते, देशांची असते. मग त्याने विचारलं, आमच्या डोंगराचं आहे का कुठे लिहिलेलं.

मी म्हटलं, आहे.

काय लिहिलंय?

मी त्याच्याकडे न पाहता सांगितलं की एका गोऱ्या साहेबाने लिहिलंय, पण चांगलं लिहिलेलं नाही. खोटं सांगायला जीभ वळली नाही, आणि खरं पूर्ण सांगायलाही वळली नाही. त्याने रागावल्यासारखं काही केलं नाही. तो साहेब डोंगरात किती दिवस राहिला होता, असं विचारलं. तंबू ठोकून काही दिवस राहिला असेल, मी म्हटलं.

तो भिलीत जे म्हणाला ते मराठीत असं होईल: "मग त्याला कोणी सांगितलं?"

एवढं बोलून तो उठला आणि ओंडक्यावर चढला. संध्याकाळपर्यंत करवत चालू होती.

हे बोलणं मी त्या आठवड्यात वकीलसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी नुसती मान हलवली. पण इमारत उभी राहिली, पुस्तकं गोदामावरून गाडीने हलवली गेली आणि वाचनालय उघडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचायच्या टेबलावर एक जाड कोरी वही होती. पहिल्या पानावर वकीलसाहेबांच्या अक्षरात नंदुरबारची माहिती होती. पेठा, वेशी, देवळं, मशिदी, विहिरी कोणत्या दिशेला. खाली लिहिलं होतं की ज्याला आपल्या गावाबद्दल जे खात्रीने ठाऊक आहे ते त्याने यात लिहावं, आणि लिहिता येत नसेल त्याने सांगावं, दुसरा कोणीतरी लिहून घेईल.

सुरुवातीला कोणी लिहिलं नाही. मग मी माझं गाव लिहिलं. तापीचं पाणी कुठल्या साली कुठपर्यंत चढलं होतं त्याच्या खुणा, जुन्या लोकांनी दाखवलेल्या. ते वाचून एका मास्तरांनी त्यांचं लिहिलं. एक पाटील येऊन माझ्या गावाच्या नदीच्या खुणेबद्दल भांडून गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःचं लिहून गेले.

करवत्या पुढच्या हंगामात खाली आला तेव्हा मी त्याला बाजारात गाठलं आणि वहीबद्दल सांगितलं. तो आत यायला तयार नव्हता, म्हणून आम्ही ओसरीवर बसलो. त्याने सांगायचं आणि मी मराठीत लिहायचं, अशी तीन पानं झाली. कोणता ओढा कोणत्या नदीला मिळतो, कोणत्या पाड्यावर कोणत्या कुळाची माणसं आधी आली, कुठल्या घाटातून वाट होती आणि ती का बंद झाली. मधेच तो थांबायचा आणि लिहिलेलं वाचून दाखवा म्हणायचा. मी भिलीत जमेल तसं सांगायचो. दोन ठिकाणी त्याने मला खोडायला लावलं. वकीलसाहेब आतल्या टेबलाशी बसलेले होते. आम्ही उठल्यावर त्यांनी वही मागून घेतली आणि तीन पानं वाचली. करवत्याला त्यांनी आत येऊन बसा म्हटलं. तो आला, थोडा वेळ बसला, छताच्या तुळयांकडे पाहिलं. त्याने स्वतःच कापलेल्या होत्या त्या. मग पाणी पिऊन गेला.

इमारत कशी झाली असं मला कोणी विचारलं तर मी बरी झाली असंच सांगेन. पहिल्या पावसाळ्यात एकही पुस्तक भिजलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र वाळवी आली, एवढ्या उंच जोत्यावर, एका दाराच्या चौकटीतून. ती चौकट मी आणि गवंड्याने मिळून उखडली. गवंडी म्हणाला, "वाळवीले वाट दखाडनी पडत नही." अर्धं कपाट गेलं, त्यात गोदामावरच्या दिवसांतली काही जुनी मासिकं होती. बांधणीच्या खोलीत मात्र आमचा हायस्कूलचा निवृत्त शिपाई रविवारी बसायचा आणि सकाळच्या उन्हात पुस्तकं शिवायचा. चिकीत तो मोरचूद घालायचा, त्यामुळे किडे लागले नाहीत.

युद्धाच्या वर्षांत वाचनालयात बसायला जागा मिळेनाशी झाली. एक जण बातम्या मोठ्याने वाचायचा आणि ओसरीवर लोक उभे राहून ऐकायचे. कलकत्त्याच्या ग्रंथालयाची पुस्तकं त्या काळात आणखी एकदा हलवली गेली, असं एका वर्तमानपत्रात बारीक अक्षरात आलं होतं. ते मी वकीलसाहेबांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला पुन्हा गाडीबरोबर चालावं लागलं असेल, असला तर." दफ्तऱ्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल ते असं बोलत जणू ओळखीचाच. स्वातंत्र्यानंतर ती पुस्तकं लाटसाहेबाच्या बागेतल्या मोठ्या वाड्यात गेली आणि ग्रंथालय राष्ट्राचं झालं, हे ऐकायला वकीलसाहेब नव्हते. ते त्याआधी दोन वर्षं गेले, चिंचपाड्याच्या दवाखान्यात, निमोनियाने. मी भेटायला गेलो तेव्हा बोलायला त्रास होत होता. तरी वाचनालयाच्या वर्गणीदारांत नवीन कोण आले ते त्यांनी विचारलं. मी नावं सांगितली, ते डोळे मिटून ऐकत राहिले.

माझी बदली पुढे धुळ्याला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी वाचनालयात गेलो. तेव्हा कार्यवाह म्हणून एक तरुण शिक्षक होते, काटेकोर माणूस. त्यांनी माझ्या नावावर तीन पुस्तकं दाखवली. दोन मी बरोबर आणली होती. तिसरं घरात शोधलं, सापडलं नाही. मी दंड भरतो म्हटलं. ते म्हणाले, आधी शोधा. धुळ्याला सामान सोडताना ते बायकोच्या ट्रंकेत निघालं, लुगड्यांच्या घडीत. तिने ते कधी वाचायला घेतलं होतं हे मला माहीत नव्हतं. तिचं झालं वाचून असं तिने सांगितल्यावर मी ते पोस्टाने परत पाठवलं. आठ दिवसांनी पोच आली.